चौदा नंबरच्या उंदराचा स्कोअर

मोठ्या आतड्याच्या दाहावरच्या एका औषधाच्या प्रयोगात, आठव्या दिवसाच्या स्कोअरशीटवर चौदा नंबर आणि एकोणीस नंबर या दोन उंदरांसमोर एकच आकडा होता: १.३३. विद्यार्थिनीने त्या दिवशी पिंजऱ्यांचे छोटे व्हिडिओ काढून ठेवले होते, ते मी नंतर पाहिले. एकोणीस नंबर झाकण उघडताच कोपऱ्यात पळत होता, त्याला धरायला तिला दोनदा हात घालावा लागला. चौदा नंबर पाठीला कुबड काढून, केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले असा बेडिंगमध्ये बसून होता. बोट लावल्यावर दोन पावलं सरकला आणि पुन्हा तसाच बसला. या दोघांचा आजार सारखाच आहे असं ती शीट सांगत होती.

प्राण्यांच्या विभागात नवीन मुलांना स्कोअरिंग शिकवणं आणि कुणाचं अडलं तर त्यांच्या नोंदी तपासून देणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. ही मुलगी आली तेव्हा तिचा प्रयोग संपून दोन आठवडे झाले होते. पीपीटी तयार होती, गाइड खूश होते, पुढच्या अर्जात हा ग्राफ जाणार होता. तिची झोप मात्र उडाली होती. "ताई, डीएआय म्हणतोय औषध चाललं. कोलन म्हणतायत नाही चाललं. कुणाचं खरं मानू?" डीएआय म्हणजे आजाराचा एकत्र काढलेला स्कोअर, कोलन म्हणजे मोठं आतडं.

(खालचे आकडे त्या प्रयोगातले असले तरी ओळख पटू नये म्हणून थोडे बदलून आणि गोल करून दिले आहेत. हिशेब मात्र जसाच्या तसा आहे.)

काय केलं होतं

सी५७बीएल/६ स्ट्रेनच्या नऊ आठवड्यांच्या चोवीस माद्या. चार जणींना साधं पाणी. बाकी वीस जणींना पिण्याच्या पाण्यात २.५ टक्के डीएसएस, म्हणजे डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम, सहा दिवस. नंतर सगळ्यांना साधं पाणी. त्या विसांपैकी दहांना रोज तोंडावाटे सुईने औषध आणि दहांना औषध नसलेलं तेच द्रावण, ज्याला आपण व्हेइकल म्हणतो. व्हेइकलवाल्या १ ते १० नंबर, पिंजरे अ आणि ब. औषधवाल्या ११ ते २०, पिंजरे क आणि ड. नवव्या दिवशी सगळ्यांचा शेवट.

डीएसएसची पद्धत जुनी आणि घासून गुळगुळीत झालेली आहे. १९८५ च्या सुमारास आधी हॅमस्टरमध्ये आणि १९९० मध्ये ओकायासू आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये ती मांडली. ३६,००० ते ५०,००० रेणुभाराचं डीएसएस पाण्यात विरघळवायचं. ते मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा करतं, अडसर ढिला पडतो, आतले जिवाणू अस्तराच्या खाली पोचतात आणि दाह सुरू होतो. इजा आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त. सोपं आहे, स्वस्त आहे, आठवड्यात निकाल देतं. म्हणूनच ज्याला उंदीर कसा धरायचा हे कालच शिकवलं, त्याच्याही हातात हे मॉडेल दिलं जातं.

या आजाराची एक चाल असते आणि ती अंगवळणी पडल्याशिवाय स्कोअर करू नये असं माझं मत आहे. पहिले तीन-चार दिवस वजनाच्या ग्राफवर काहीच दिसत नाही. लपलेलं रक्त मात्र त्याआधीच तपासणीत लागू शकतं. पाचव्या दिवसापासून वजन घसरतं, आणि डीएसएस बंद करून साधं पाणी दिल्यावरही दोन-तीन दिवस घसरतच राहतं. बाटली बदलली म्हणजे सुटलो असं नवख्याला वाटतं. वजनाचा तळ त्यानंतर येतो. आठवा दिवस म्हणजे नेमका तळ. सगळ्यात आजारी उंदीर, सगळ्यात जास्त काम आणि माणसं सगळ्यात थकलेली.

तीन रकाने, एक आकडा

डीएआय, म्हणजे डिसीझ अ‍ॅक्टिव्हिटी इंडेक्स, हा कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वापरलेल्या पद्धतीवरून सगळीकडे पसरला. वजनातली घट, विष्ठेचा घट्टपणा आणि रक्त, या तिघांना प्रत्येकी ० ते ४ गुण. बेरीज करायची, तीनने भागायचं.

तिच्या तक्त्यात वजनासाठी १ ते ५ टक्के घट म्हणजे १, ५ ते १० म्हणजे २, १० ते १५ म्हणजे ३, त्यापुढे ४. (काही ठिकाणी ३ गुण १० ते २० टक्क्यांना आणि ४ गुण वीसच्या पुढे देतात. दोन लॅबचे डीएआय शेजारी ठेवण्याआधी हा तक्ता उघडून पाहावा. कुणी पाहत नाही.) विष्ठा नेहमीसारखी ०, सैल २, जुलाब ४. रक्त नाही ०, तपासणीच्या कागदावर निळं आलं २, डोळ्यांना दिसलं ४.

आठव्या दिवशी व्हेइकल गटाचा सरासरी डीएआय २.६ आणि औषध गटाचा १.८. पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे रूढ निकषाने फरक लक्षणीय. या गुणांवर सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट लावावी का, हा वेगळा वाद. हे पायऱ्यांचे गुण आहेत, मोजमाप नव्हे, आणि इथे क्रमावर चालणारी मान-व्हिटनी चाचणी जास्त शोभली असती. पण या प्रकरणात घोटाळा तिथे नव्हता.

नवव्या दिवशी आतडी बाहेर काढली. साध्या पाण्यावरच्या उंदरांचं कोलन सरासरी ८.१ सेंटिमीटर, व्हेइकलचं ५.९, औषधाचं ५.८. डीएसएसने आतडं आखडतं, सूज येते, भिंत जाड होते, त्यामुळे लांबी हा चांगला, स्वस्त आणि बऱ्यापैकी निर्विकार मापदंड आहे. अर्थात तोही ओढूनताणून वाढवता येतो, शब्दशः. ओलं आतडं पट्टीवर ठेवताना चिमट्याने जरा ताणलं की अर्धा सेंटिमीटर सहज मिळतो. इथे मोजणारा मुलगा दुसऱ्या गटाचा होता, त्याला कुठलं आतडं कुणाचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्या आकड्यांवर माझा विश्वास बसला.

उरलेलं काम पॅथॉलॉजिस्टचं. आतडं उभं चिरून, गुंडाळी करून, स्विस रोल बनवून स्लाइड केल्या होत्या. ही युक्ती १९८१ पासूनची. तिच्यामुळे पूर्ण लांबी एका काचेवर येते आणि 'मला बरा दिसणारा तुकडा' निवडायची सोय उरत नाही. अस्तरातल्या नळीसारख्या खळगीचा, म्हणजे क्रिप्टचा, खालचा एक तृतीयांश गेला तर १, दोन तृतीयांश गेला तर २, फक्त वरचं आवरण शिल्लक असेल तर ३, सगळंच गेलं तर ४. शिवाय दाह किती खोल आणि किती टक्के भाग व्यापलेला. पॅथॉलॉजिस्टला फक्त सांकेतिक नंबर दिले होते. दोन्ही गट जवळपास सारखे निघाले.

म्हणजे ज्या दोन मोजण्या गट माहीत नसलेल्या माणसांनी केल्या, त्या एकमेकींशी जुळत होत्या. गट माहीत असलेल्या माणसाने केलेली तिसरी वेगळी पडली होती. मनात पहिली शंका आली तीच तुमच्याही येईल: मुलीने नकळत औषधाच्या बाजूने गुण दिले. मीही तेच धरून बसले होते आणि तिला तसं बोलायच्या बेतात होते. बोलले नाही ते बरं झालं.

शीट उघडली

सरासरीची फाइल बाजूला ठेवून मी कच्च्या नोंदी मागितल्या. पेनाने भरलेले, कडेला ओले डाग पडलेले कागद. तिथे तीन रकाने वेगवेगळे होते आणि चौथा रकाना 'शेरा' म्हणून होता. हा शेऱ्याचा रकाना एक्सेलमध्ये उतरलाच नव्हता.

चौदा नंबर: पहिल्या दिवशी २०.६ ग्रॅम, आठव्या दिवशी १७.२. साडेसोळा टक्के घट, गुण ४. विष्ठा ०. रक्त ०. एकूण ४, भागिले ३, म्हणजे १.३३.

एकोणीस नंबर: २१.० वरून १९.५. सात टक्के, गुण २. विष्ठा सैल, २. रक्त ०. पुन्हा ४, पुन्हा १.३३.

साडेसोळा टक्के वजन गेलेल्या, डीएसएस प्यायलेल्या उंदराची विष्ठा आठव्या दिवशी घट्ट, कोरडी, नेहमीसारखी आणि रक्ताचा मागमूस नाही? असा उंदीर मी पाहिलेला नाही. मी तिला विचारलं, "चौदाची लेंडी कशी होती?"

"मिळालीच नाही ना ताई."

"मग शून्य कसं?"

"काही नव्हतं म्हणून शून्य."

पुढचा अर्धा तास आम्ही दोघी काही बोललो नाही, फक्त कागद उलटत होतो. औषध गटात आठव्या दिवशी बारा, चौदा आणि सतरा, असे तीन उंदीर लेंडी न दिलेले. तिघांच्याही विष्ठेला शून्य, आणि लेंडीच नाही म्हणून रक्ताची तपासणीही नाही, म्हणून रक्तालाही शून्य. तिघांची वजनं पंधरा टक्क्यांहून जास्त उतरलेली. गटातले सगळ्यात आजारी तीन उंदीर कागदावर सगळ्यात बरे ठरले होते.

हे मागे वळून पाहताना उघड वाटतं. जो उंदीर दोन दिवस धड खात नाही, त्याच्या आतड्यात लेंडी बनायला काही नसतंच. आणि जुलाब होत असेल तर जे येतं ते लेंडीच्या रूपात येत नाही, शेपटीच्या बुडाला चिकटतं. म्हणजे लेंडी न मिळणं ही घटना आजाराशी बांधलेली आहे. आजार जितका जास्त तितकी लेंडी मिळण्याची शक्यता कमी. नोंद चुकून गहाळ होणं वेगळं आणि आजारामुळेच नोंद न होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही रिकाम्या जागी काहीही भरा, ते गटाला एका बाजूला ढकलतं. शून्य भरलं तर सर्वात जास्त.

शेऱ्याचा रकाना आता वाचला. चौदासमोर तिच्याच अक्षरात: 'मागचा भाग ओला, लाल'. सतरासमोर: 'शेपटीखाली चिकट, रक्त दिसतंय'. बारासमोर काही नाही. डोळ्यांनी पाहिलं होतं, हाताने लिहिलं होतं, आणि गुण देताना तक्त्यात 'लेंडी' हा शब्द होता म्हणून लेंडीपुरतंच पाहिलं गेलं. मुलीला दोष द्यायला माझी जीभ वळली नाही. तो तक्ता तिला आमच्याच विभागातून दिलेला होता. त्यात 'नाही मिळाली' असं लिहायला जागाच नव्हती.

पण मग व्हेइकलच्या उंदरांना लेंड्या कशा मिळाल्या?

हा प्रश्न तिनेच विचारला, आणि इथे मला खरी मजा आली. व्हेइकल गटही तितकाच आजारी होता. त्यांच्यातही न खाणारे असणारच. दहापैकी दहांच्या लेंड्या मिळाल्या, हे संशयास्पद होतं.

उत्तर कामाच्या क्रमात निघालं. रोज सकाळी नऊला ती आणि तिची सहकारी आत जायच्या. अ आणि ब पिंजरे ती एकटी करायची: उंदीर उचल, वजन कर, वजनाच्या डब्यात पडलेली लेंडी चिमट्याने घे, डोस दे, परत ठेव. उंदराला उचललं की तो बहुधा लेंडी टाकतोच. घाबरला की टाकतो. म्हणून लेंडी घ्यायची सर्वात चांगली वेळ म्हणजे पहिल्यांदा उचललं तो क्षण. क आणि ड पिंजऱ्यांना डोस द्यायचं काम सहकारीकडे होतं. ती उचलायची, डोस द्यायची, ठेवायची. तेव्हा पडलेल्या लेंड्या डोसच्या टेबलावरच्या टिश्यूवर पुसल्या जायच्या. मग जेवणानंतर, दोनच्या सुमारास, ही मुलगी क आणि ड चं वजन आणि विष्ठा पाहायला जायची. ज्यांच्याकडे देण्यासारखी एखादीच लेंडी होती, त्यांनी ती सकाळीच देऊन टाकलेली.

त्यामुळे औषध गटाचे तीन उंदीर 'लेंडी नाही' झाले ते काही अंशी आजारामुळे आणि काही अंशी उंदीर कुणी कधी उचलला त्यामुळे. कुणी पक्षपात केला नव्हता. कामाची वाटणी गटांप्रमाणे झाली होती, बस.

याच वाटणीने आणखी एक गोष्ट केली होती, आणि ती उलट्या दिशेने. उंदीर रात्री खातो, दिवसा झोपतो. सकाळी नऊला त्याचं पोट भरलेलं असतं; दुपारी दोनला बरंच रिकामं. मोठा उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅम खाद्य खातो आणि चार-पाच मिलिलिटर पाणी पितो. वीस ग्रॅमच्या उंदराचा एक ग्रॅम म्हणजे पाच टक्के, म्हणजे तक्त्यावरची एक अख्खी पायरी. पहिल्या दिवशीची मूळ वजनं सगळ्यांची सकाळी घेतलेली. म्हणजे औषध गटाची घट दुपारच्या वजनामुळे असली त्यापेक्षा जास्त दिसत होती. विष्ठा आणि रक्ताच्या रकान्यात औषधाला फुकटचा फायदा मिळत होता, वजनाच्या रकान्यात फुकटचा तोटा होत होता. सरासरी करणाऱ्या आकड्यात हे दोन्ही एकत्र कालवले गेले आणि कुणाला काही दिसलं नाही.

डीएआयवर माझा राग आहे तो याचसाठी. आजार ठरवायला तीन लक्षणं एकत्र घेणं चूक नाही. पण तीनने भागल्यावर कुठलं लक्षण हललं हे कळत नाही, आणि तोच तर प्रश्न असतो. जुलाब थांबवणारं कुठलंही औषध डीएआय खाली आणेल, आतड्यातला दाह तसूभर न हलवता.

अठरा नंबर

अठरा नंबरचा विषय वेगळा काढावा लागला. औषध गटातल्या या उंदराचं वजन सातव्या दिवशी वीस टक्क्यांहून जास्त घटलं. त्याचे तिन्ही रकाने ४, ४, ४ होते. वीस टक्के ही आधी ठरवलेली सीमा होती, त्यामुळे त्याला त्याच दिवशी वेदनेतून सोडवलं. हे बरोबरच केलं. स्कोअरशीटचं पहिलं काम ग्राफ काढणं नसून अशा उंदराला वेळेवर ओळखणं हे आहे. खरं तर कुबड, मिटलेले डोळे आणि स्पर्शाला न हलणं ही लक्षणं वजनाइतकीच महत्त्वाची असतात. चौदा नंबरच्या व्हिडिओकडे पाहून मला वाटलं की त्यालाही नवव्या दिवसापर्यंत थांबवायला नको होतं. डीएआय १.३३ असलेल्या उंदराकडे पशुवैद्याचं लक्ष कशाला जाईल? शून्याचा हाही एक भुर्दंड, आणि तो उंदराने भरला.

आठव्या दिवसाच्या सरासरीत मात्र अठरा नंबर नव्हता. गटाचा सर्वात आजारी उंदीर वजा झाला की गट एका रात्रीत सुधारतो. ग्राफवर सातव्या ते आठव्या दिवसात औषधाची रेघ खाली वाकलेली दिसत होती, आणि पीपीटीत तिथे बाण काढून 'लवकर सुधारणा' असं लिहिलेलं होतं.

पुन्हा हिशेब

आम्ही औषध गटाचा आठवा दिवस पायरी-पायरीने मोजला.

लेंडी मिळालेले सहा उंदीर होते, त्यांच्या डीएआयची बेरीज १२.३३. मूळ हिशेबात यांच्यात बारा, चौदा आणि सतराचे प्रत्येकी १.३३ मिळवून नऊने भागलं होतं: १.८.

शून्याऐवजी रिकामं धरलं, म्हणजे ते तीन उंदीर डीएआयमधून बाहेर काढले, तर सहांची सरासरी २.१.

चौदा आणि सतराच्या शेऱ्यांना मान दिला, ओलं आणि डोळ्यांना दिसणारं रक्त म्हणजे ४ आणि ४, तर त्यांचा डीएआय प्रत्येकी ४. आठांची सरासरी २.५.

अठरा नंबरचा सातव्या दिवसाचा स्कोअर आठव्या दिवशी पुढे ओढला तर नऊ उंदरांची सरासरी २.७. बारा नंबर अजूनही रिकामाच, कारण त्याच्याबद्दल कुणी काही पाहिलेलंच नव्हतं. व्हेइकल २.६ वर होता तिथेच.

तिला हे पाहून जरा हायसं वाटलं, कारण आता सगळं जुळत होतं. मी तिथे थोडं पाणी ओतलं. १.८ नंतरचे हे तीनही आकडे आम्ही निकाल माहीत झाल्यावर काढलेले. शेऱ्यावरून गुण द्यायचे, मेलेल्याचा शेवटचा स्कोअर पुढे न्यायचा, हे नियम आधी लिहून ठेवले असते तर त्यांना वजन होतं. आता ते फक्त इतकंच दाखवतात की १.८ हा आकडा कशावर उभा होता. २.७ हा 'खरा' आकडा आहे असं मी म्हणणार नाही; त्यातली वजनं तर दुपारचीच आहेत. औषध चालत नाही असंही यातून सिद्ध होत नाही. एवढ्यात हाती काही लागलं नाही, असंच गाइडना सांगावं लागेल. ते तिने सांगितलं. बाण असलेली स्लाइड काढली. त्या बैठकीत मी नव्हते, पण ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला असला तरी डोळे कोरडे होते.

विष्ठेवरून दाह मोजायचा आणखी एक मार्ग होता. विष्ठेतलं लिपोकॅलिन-२ हे प्रथिन एलायझा या प्रतिपिंडांवर चालणाऱ्या चाचणीने मोजतात. २०१२ पासून ते उंदरांच्या कोलायटिसमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दाहात, बरंच वापरलं जातं आणि लपलेला सौम्य दाहही दाखवतं. तिच्याकडे उणे ८० अंशांत ठेवलेल्या लेंड्या होत्या. पेटी उघडून पाहिली. बारा, चौदा, सतरा यांच्या नळ्या अर्थातच रिकाम्या. निर्विकार यंत्र आणलं तरी त्याला खायला तेच नमुने मिळणार. ऊतींतून आरएनए काढून पीसीआर करायचा विचारही झाला. तिथे डीएसएसचा जुना उपद्रव आडवा येतो, ते आरएनएसोबत येतं आणि पीसीआरची एन्झाइम्स अडवून धरतं, वेगळं शुद्धीकरण करावं लागतं. तो नाद सोडला.

दुसरा फेरा

गाइडनी प्रयोग पुन्हा करायची परवानगी दिली. या वेळी शीट मी आणि तिने मिळून बनवली.

सर्वात जास्त वेळ गेला विष्ठेच्या रकान्यावर. 'सैल' आणि 'जुलाब' हे शब्द कुणालाही कसेही वाचता येतात. आम्ही लेंडी लाकडी काडीने दाबून पाहायचं ठरवलं. कोरडी, दाबल्यावर तुटते: ०. आकार आहे, पण दाबल्यावर चपटी होते आणि काडीला चिकटते: २. आकारच नाही, किंवा शेपटीखाली ओलं: ४. म्हणजे लेंडी नसली तरी शेपटीखाली पाहणं आता तक्त्याचाच भाग झालं. लेंडी नाही आणि मागचा भाग कोरडा, तर त्या घरात 'न' लिहायचं. शून्य नाही, रेघ नाही, 'न'. रक्तासाठी लेंडी नसेल तर कापसाच्या काडीने पुसून तपासायचं. रक्ताची ती तपासणी हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर निळा रंग येण्यावर चालते आणि वनस्पतींतल्या काही एन्झाइम्सनेही कागद निळा होऊ शकतो. म्हणून साध्या पाण्यावरच्या उंदरांचीही त्याच दिवशी, त्याच डब्यातल्या कागदावर तपासणी ठेवली. वाळलेल्या, पिंजऱ्याच्या तळातून उचललेल्या लेंड्यांना मनाई. पाच उंदरांच्या पिंजऱ्यात कुठली कुणाची हे देवालाही सांगता येणार नाही.

उचलणं एकदाच. उंदीर स्वच्छ रिकाम्या डब्यात, वजन, तिथेच लेंडीची वाट, मग डोस. सगळं सकाळी नऊ ते साडेदहा, पिंजऱ्यांचा क्रम रोज चिठ्ठीने.

पिंजऱ्यांच्या बाबतीत आमचं दोघींचं जमेना. पहिल्या फेऱ्यात एका पिंजऱ्यात एकच गट होता. उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांचे आतड्यातले जिवाणू सारखे होत जातात आणि डीएसएसचा परिणाम जिवाणूंवर अवलंबून असतो. दहा उंदीर म्हणजे खरं तर दोन पिंजरे. माझं म्हणणं, प्रत्येक पिंजऱ्यात दोन्ही गट मिसळा. डीएसएस पाण्यातून सगळ्यांना सारखंच जातंय आणि औषध सुईने, त्यामुळे मिसळता येतं. तिचं म्हणणं, मग औषधही विष्ठेतून व्हेइकलवाल्यांच्या पोटात जाईल. तिचं चूक नव्हतं. शेवटी पिंजरे मिसळले, कारण तिच्या औषधाचा फार थोडा भाग विष्ठेतून बाहेर पडतो हे तिच्याकडे आधीच मोजलेलं होतं. ते नसतं तर मी हरले असते.

गट कुणाचा ते फक्त डोस भरणाऱ्या सहकारीला माहीत. सिरिंजवर फक्त उंदराचा नंबर. प्राण्यांवरचे प्रयोग लिहून कसे मांडावेत हे सांगणाऱ्या अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, २०१० च्या मूळ आवृत्तीत आणि २०२० च्या सुधारित आवृत्तीतही, हे सगळं मागितलेलं आहे: कुणाला गट माहीत होता, कुणाला वगळलं, कधी वगळायचं ठरलं. पहिल्या फेऱ्याच्या पीपीटीत यातलं एकही वाक्य नव्हतं, आणि पाहणाऱ्यांपैकी कुणी विचारलंही नव्हतं. माझ्यासकट.

आधीच लिहून ठेवलं की तीन रकाने वेगवेगळे दाखवायचे आणि डीएआय त्यांच्याखाली लहान ग्राफमध्ये. वजनाच्या सीमेवर सोडवलेल्या उंदराला पुढच्या दिवसांत ४, ४, ४. 'न' असलेल्या उंदराचा त्या दिवशीचा डीएआय काढायचा नाही, पण त्याचं वजन वजनाच्या ग्राफमध्ये राहील आणि 'न' किती ते प्रत्येक दिवसाखाली छापायचं.

आठव्या दिवशी मी मुद्दाम सोबत आत गेले. सातवा पिंजरा चालू होता. डब्यात एक उंदीर कोपऱ्यात बसलेला, बाहेर घड्याळ, ती काडी हातात धरून वाट पाहत होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेपटी उचलून पाहिली, कोरडी. पुसलेली कापसाची काडी कागदावर टेकवली, थेंब टाकला, साठ सेकंद मोजले. कडेने फिका निळा वर्तुळाकार पट्टा उमटला. विष्ठा: न. रक्त: २. वजन: १८.१. तिने लिहिलं आणि पुढचा उंदीर उचलला.

त्या फेऱ्यात आठव्या दिवशी सगळ्या पिंजऱ्यांत मिळून चार 'न' होते. गट उघडल्यावर कळलं, दोन इकडचे आणि दोन तिकडचे. वजनाच्या दोन रेघा एकमेकींवर चढलेल्या, कोलनची लांबी सारखी. विष्ठेच्या रकान्यात मात्र औषध गट खरंच थोडा खाली होता, आणि त्याचं काय करायचं यावर गाइड आणि ती अजून भांडतायत.